टाक्याचा धागा आणि मूत्राशयातील खडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूतखड्याची चर्चा कमी पाणी पिणे, पालक-टोमॅटो आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी यांपलीकडे सहसा जात नाही. मूत्राशयातील खड्याचे एक कारण मात्र रुग्णाच्या ताटात नसून शस्त्रक्रियेत वापरलेल्या टाक्यात असते.

लघवीतील क्षारांना चिकटायला बाहेरचा पदार्थ मिळाला, की त्यावर थर साचू लागतात. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा न विरघळणारा धागा मूत्राशयाच्या आत उघडा राहिला, तर खडा कित्येक वर्षांनीही सापडू शकतो. म्हणूनच मूत्राशय विरघळणाऱ्या धाग्याने शिवावा, हा नियम जुना आहे. पूर्वी त्यासाठी जनावरांच्या आतड्यापासून केलेले कॅटगट असे. १९७० च्या दशकात व्हिक्रिलसारखे विरघळणारे कृत्रिम धागे आले. व्हिक्रिल साधारण ५६ ते ७० दिवसांत शोषले जाते, पॉलिडायॉक्झॅनोन या अशाच दुसऱ्या धाग्याला सहा महिने किंवा अधिक लागतात. मूत्राशयाची जखम मात्र दोन-तीन आठवड्यांतच पुरेशी बळकट होते. अर्थात, विरघळणारा धागाही सर्वस्वी निर्धोक नव्हे. लघवीत प्रोटियससारखे जंतू असतील तर ते युरियाचे विघटन करून अमोनिया तयार करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे स्फटिक धागा विरघळण्याआधीच त्यावर बसू शकतात.

खरी अडचण मूत्राशयाच्या शेजारच्या शस्त्रक्रियांत आहे. खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांवरील शस्त्रक्रियेत न विरघळणारे टाके किंवा जाळीची पट्टी वापरली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तो टाका चुकून मूत्राशयातून गेला किंवा पट्टी पुढे हळूहळू आत सरकली, तर जळजळ, वारंवार जंतुसंसर्ग, लघवीतून रक्त असा त्रास सुरू होतो. अशा रुग्णाला प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स दिले जातात, दुर्बिणीने तपासणी मात्र लांबत जाते. खडा फोडला आणि धागा तसाच राहिला, तर त्यावर पुन्हा खडा धरतो.

हा दुवा लवकर जुळावा म्हणून माझी सूचना साधी आहे. ओटीपोटातील शस्त्रक्रियेनंतर मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डावर, शस्त्रक्रियेच्या नावासोबतच, मूत्राशयाला टाके घातले का, कोणत्या धाग्याने, आणि पट्टी बसवली असल्यास कोणती, एवढे सुवाच्य अक्षरांत नोंदवावे. रुग्णांनीही ते कार्ड जपून ठेवावे आणि लघवीची तक्रार घेऊन जाताना, शस्त्रक्रियेला दहा वर्षे लोटली असली तरी, डॉक्टरांना दाखवावे.

आपला,
एक निवृत्त शल्यचिकित्सक, सातारा