आईचा ‘पॉझिटिव्ह’, बाबांचा ‘निगेटिव्ह’

पुणे, २ ऑगस्ट

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर आई रडू लागली आणि बाबा ‘नंतर बोलू’ म्हणून उठून गेले, त्यामुळे सांगायचे ते राहूनच गेले. म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते आहे. आईची किडनी बाबांना बसवण्याच्या, म्हणजे प्रत्यारोपणापूर्वीच्या तपासण्यांचे तुम्हा दोघांचे अहवाल माझ्यासमोर आहेत आणि मला वाटते, तुम्ही ते नेमके उलटे वाचले आहेत. ज्या ओळीने आई हादरली ती भिण्यासारखी नाही. ज्या ओळीवर बाबा निर्धास्त आहेत, तिच्याकडे मात्र याच आठवड्यात लक्ष द्यायला हवे.

आई, आधी तुझे. ‘सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’ याचा अर्थ तुला आज कोणता रोग आहे असा नव्हे. आयजीजी म्हणजे जुन्या ओळखीची खूण असणारी प्रतिपिंडे आणि सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो नावाचा विषाणू; तो बहुधा लहानपणीच, साध्या तापासारखा येऊन जातो आणि पुढे जन्मभर शरीरात निजून राहतो. आपल्याकडे बहुतेक प्रौढ माणसांचा अहवाल असाच येतो. तू रात्रभर ‘माझ्या किडनीबरोबर माझा रोगही यांना जाणार’ म्हणत बसलीस, पण त्याच फाइलच्या मागच्या पानावर बाबांचीही हीच तपासणी पॉझिटिव्ह आहे, ते पान तू उलटलेच नाहीस. बाबांच्या शरीराला हा विषाणू ओळखीचा आहे, हे आपल्या पथ्यावरच पडते. देणारा पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असता तर धोका अधिक असता आणि प्रतिबंधाचे औषध साधारण सहा महिने चालले असते. बाबांना हे औषध, व्हॅलगॅनसायक्लोव्हिर, बहुधा तीनेक महिने देतील, नाहीतर ठरावीक दिवसांनी रक्तातला विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करून लक्ष ठेवतील. कोणता मार्ग घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील.

लक्ष ठेवायचे कारण असे की, नवी किडनी शरीराने परकी म्हणून झिडकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या औषधांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवावी लागते आणि पहिल्या काही महिन्यांत ती सर्वांत खाली असते. अशा वेळी निजलेले विषाणू जागे होतात. बीके नावाचा एक विषाणू तर किडनीतच मुक्काम करून असतो. १९७१ मध्ये तो एका किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या लघवीत प्रथम सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरेच त्याला मिळाली. त्याच्यावर हमखास असे औषध नाही. तो वाढू लागला की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेच हात राखून कमी करावी लागतात, म्हणजे किडनी वाचवण्यासाठी किडनी राखणारी औषधे कमी करायची, अशी ती कसरत असते. म्हणून पुढे दर महिन्याला ‘पुन्हा रक्त काढायचे’ म्हटले की बाबांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. आणि आई, ‘ताप आहे, एक पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस बघू’ ही आपल्या घरची रीत शस्त्रक्रियेनंतर बंद. गुळवेलीचा काढाही बंद. जी शक्ती डॉक्टर औषधांनी खाली ठेवणार, ती आपण काढ्याने वर ढकलायची नाही.

आता बाबा, तुमचे. ‘हिपॅटायटिस बी निगेटिव्ह’ या ओळीवर तुम्ही बोट ठेवून मला फोटो पाठवलात. ती ओळ चांगलीच आहे, पण ती एवढेच सांगते की रक्त घेतले त्या दिवशी तो विषाणू तुमच्या रक्तात सापडला नाही. तो उद्या आला तर तुमच्यापाशी ढाल आहे का, हे तिच्याखालची ‘अँटी-एचबीएस’ची ओळ सांगते. तिथे किमान १० हवेत, तुमचे ४ आहेत. या विषाणूवरच्या लसीचे चार डोस झाले, प्रत्येक वेळी दोन-दोन सुया टोचून घेतल्या आणि ‘लस फुकट गेली’ म्हणून तुम्ही चिडलात, ते मी समजू शकते. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात साठणाऱ्या विषारी द्रव्यांमुळे पांढऱ्या पेशीही मंदावतात, म्हणून तर डायलिसिसच्या रुग्णाला इतरांच्या दुप्पट, ४० मायक्रोग्रॅमचा डोस देतात आणि तरीही पुष्कळांत तो लागत नाही.

पण यात माझाही एक अपराध आहे. जूनमध्ये शेवटच्या डोसच्या कुप्या मेडिकलमधून आणल्यावर ‘चांगल्या गार ठेवा’ एवढेच मी फोनवर सांगितले, आणि आईने त्या बर्फाच्या कप्प्यात, मटारच्या पिशवीशेजारी ठेवल्या. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. ती गोठली की निकामी होते. डोस त्यामुळेच वाया गेला की शरीराने दाद दिली नाही, हे आता कळायला मार्ग नाही.

तुम्ही म्हणाल, दिवाळीनंतर शस्त्रक्रिया आहे, मग कशाला? नेमके म्हणूनच. तेव्हाची औषधे सुरू झाली की लस आणखी कमी लागेल आणि विषाणू आलाच तर यकृतावर मोकाट सुटेल. दुसरी फेरी आता सुरू केली तर शून्य, एक आणि दोन महिन्यांचे तीन डोस दिवाळीच्या सुमारास पुरे होतील. चौथ्याचे काय करायचे ते प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना मी विचारीन.

शिवाय तोवर आठवड्यातून तीनदा तुम्ही डायलिसिसच्या खुर्चीवर बसणारच आहात. मे महिन्यात मी सोबत आले होते तेव्हा आधीच्या रुग्णाच्या रक्ताचा थेंब खुर्चीच्या हातावर होता आणि तो कोरड्या कापसाने पुसून त्याच हातमोज्यांनी तुमची नळी जोडली गेली. मी बोलू लागले तर तुम्हीच मला डोळ्यांनी गप्प केलेत. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. पुढच्या वेळी ‘ताई, हातमोजे बदला’ एवढे म्हणायला संकोच करू नका.

संकोच करायचाच तर दुसऱ्या गोष्टीचा करा. ‘पॉझिटिव्ह मशीन’वरच्या, म्हणजे विषाणू असलेल्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या डायलिसिस मशीनवरच्या काकांशेजारी तुम्ही चहा घेत नाही, असे आईने सांगितले. त्यांना हिपॅटायटिस सी आहे. तो रक्तातून पसरतो, चहाच्या कपातून नाही. त्याला लस नसली तरी गोळ्यांचा साधारण बारा आठवड्यांचा उपचार आहे आणि तो घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण पूर्ण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफतही मिळतात. त्यांनी ती घेतली आहेत का, एवढे तरी विचारा.

मी शनिवारी सकाळी चिपळूणला पोहोचते. कुप्या या वेळी घरी आणू नका, मी थंड पेटीतून थेट युनिटवर आणीन. डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली शीर, म्हणजे फिस्टुला, डाव्या हाताला असल्यामुळे दोन्ही सुया उजव्या दंडातच, बोटभर अंतर ठेवून घ्यायच्या. मागच्या वेळी कंपाउंडर कमरेला देऊ म्हणत होता, तसे चालणार नाही. आणि लसीनंतर तीन आठवडे हिपॅटायटिस बीची नेहमीची तपासणी करू देऊ नका. लसीमुळेच ती काही दिवस खोटी ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, मग तुम्हाला त्या कोपऱ्यातल्या मशीनवर बसवतील आणि आई पुन्हा रात्रभर जागेल.

तुमची,
मनू