पक्षाघाताचा तक्ता छापलात, पण माप परक्याचं

महोदय,

जागतिक पक्षाघात दिनाच्या (२९ ऑक्टोबर) पुरवणीत आपण धोक्याच्या कारणांचा तक्ता दिलात. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, बैठं काम, सगळं बरोबर. आक्षेप आहे तो वजनाच्या रकान्याला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ‘२५ पर्यंत निर्धास्त’ असं तिथे छापलंय. हे माप गोऱ्या युरोपीय लोकांचं. भारतीय डॉक्टरांनी २००९ सालीच आपल्यासाठी २३ ही हद्द घातली. २५ म्हणजे लठ्ठपणाच. ब्रिटनमध्येसुद्धा दक्षिण आशियाई वंशाच्या माणसाला २३ पासूनच सावध करतात. लेस्टरला असलेल्या माझ्या धाकट्या जावेची तर नर्सने टेप लावून कंबर मोजली. आमच्या कॉलनीतल्या शिबिरात नुसता वजनकाटा होता.

आपल्याला वेगळी हद्द का लागते, याचा शोध घेण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. बीएमआय दोघांचाही २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! अर्थात युडकिन मॅरेथॉन धावणारे, आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत आत शिरणं, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा सगळं वंशावर ढकलायला नको.

मी सांगलीत अर्धांगाच्या रुग्णांना व्यायाम देण्यात नोकरी घालवली. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, असे कितीतरी जण पाहिले. घरच्यांचं एकच, “अहो, पण हे जाड कुठे होते?” पोटातल्या त्या चरबीच्या मागोमाग रक्तदाब आणि साखर येते, आणि खाटेवर पडेपर्यंत दोन्ही कुणी तपासलेलं नसतं.

कारणं जगभर बहुतेक तीच आहेत. ३२ देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासात दहा कारणांतच सुमारे ९० टक्के धोका सापडला. पण एकाच कारणाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. अमेरिकेतल्या ‘रिगार्ड्स’ अभ्यासात वरचा रक्तदाब १० ने वाढला तर गोऱ्यांचा धोका ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला, कृष्णवर्णीयांचा २४ टक्क्यांनी. म्हणून एकाचा तक्ता उचलून दुसऱ्याला लावता येत नाही.

कृपया दुरुस्त तक्ता छापा. त्यात कमरेच्या मापाची हद्द द्या: पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, पँटचा पट्टा पोटाखाली घसरलेला असतो तिथे नव्हे. आणि तंबाखूच्या रकान्यात मिश्री नावानिशी घाला. “तंबाखू? छे, मी फक्त मिश्री लावते,” असं सांगणाऱ्या बायका आमच्याकडे घरोघरी आहेत.

– एक निवृत्त फिजिओथेरपिस्ट, सांगली