फवारणीने उलटे पडलेले भुंगे सकाळी पुन्हा चालू लागल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

उदगीरला माझी छोटी डाळमिल आहे, मागे पत्र्याचं गोदाम. मेच्या पहिल्या आठवड्यात तुमची डेल्टामेथ्रिन २.५ टक्के ही कीटकनाशक पावडर घेतली. लिटरला ४० ग्रॅम, १०० चौरस मीटरला ३ लिटर पाणी, या हिशेबाने भिंती आणि थप्प्यांवर मारली. तुमचा माणूस समोर उभा होता. वेळही त्यानेच ठरवली, भर दुपारी दोन. बाहेर ४२ अंश, आत पत्र्याला हात लावायची सोय नव्हती.

संध्याकाळी भुंगे पाय वर करून पडलेले पाहिले आणि मी बिल चुकतं केलं. सकाळी निम्मे जागेवर नव्हते.

हे तुरीतले गोल भुंगे नव्हेत. डाळीच्या चुरीवर वाढणारे तांबडे, लांबट. म्हणून फवारलेल्या पोत्याचे दोन तुकडे दोन बरण्यांत टाकले, वर वीस-वीस भुंगे सोडले. एकीत चिमूटभर चुरी घातली. दुसऱ्या दिवशी कोरड्या बरणीत दोन-तीन वळवळत होते, चुरीच्या बरणीत बहुतेक सगळे फिरत होते. फवारणीआधी चुरी नीट झाडली नव्हती, ही माझी चूक. पण तुमच्या माणसाने तरी कुठे विचारलं?

फोनवर त्याचं उत्तर, "ताई, किडे औषधाला पक्के झालेत, मात्रा दुप्पट करा." झाले असतीलही पक्के. पण डेल्टामेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटाची औषधं उन्हाच्या तडाख्यात किड्यावर कमी चालतात, मॅलॅथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाचं उलट असतं (ते मात्र उकाड्यात, ओलसर मालावर लवकर विरतं), हे कृषीला शिकणाऱ्या माझ्या भाच्याला ठाऊक आहे. पुड्यावर "तीन महिने संरक्षण" ठळक छापलंय; किती तापमानात, त्याचं अवाक्षर नाही. मराठवाड्यात मे महिना येतो, हे कंपनीला माहीत असावं.

दुप्पट मात्रा मी मारणार नाही. डाळ माणसं खातात, आणि औषध पचवून जे वाचतात त्यांचीच वीण पुढे वाढते.

उरलेले सहा पुडे परत घेऊन पैसे द्यावेत, आणि याच बॅचचा नमुना ४० अंशांवर, चुरी लागलेल्या पोत्यावर तपासून लेखी अहवाल द्यावा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

बिल, रिकामा पुडा आणि दोन्ही बरण्या जपून ठेवल्या आहेत. माणूस पाठवायचा तर दुपारी दोनलाच पाठवा.

आपली,
एक डाळमिलचालक, उदगीर (जि. लातूर)