आपल्या गाण्याला गिऱ्हाईक आलंय

प्रिय मित्रा,

तब्येत बरी आहे, खोकला गेला. आता ऐक. आपलं पावसाचं गाणं एका जाहिरातीसाठी मागितलंय! कशाच्या जाहिरातीसाठी ते फोनवर सांगेन, कारण तू आधी हसशील आणि मग भांडशील.

जाहिरातवाल्यांना परवानग्या दोन लागतात, एक शब्द आणि चालीची, दुसरी रेकॉर्डिंगची. शब्द तुझे, चाल माझी, रेकॉर्डिंग ताईच्या नावावर. तिघांपैकी एकजण जरी अडला तरी ते थांबत नाहीत, सरळ दुसरं गाणं उचलतात. म्हणून ही घाई.

पैसे बरे आहेत. पण कागदावर लिहिलंय, ‘सर्व माध्यमं, सर्व जग, कायमसाठी.’ या ‘कायमसाठी’नं माझी झोप उडवलीय. मी म्हणतोय, एक वर्ष द्या, प्रदेश ठरवा, पुढे हवं असेल तर नव्यानं पैसे मोजा. आणि त्या काळात त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कोणाला गाणं द्यायचं नाही ही अट घालणार असाल, तर तिचे पैसे वेगळे. शिवाय त्यांना तीसच सेकंद हवेत, म्हणजे अंतरा गेला. ज्या अंतऱ्यासाठी तू माझ्याशी महिनाभर अबोला धरलास, तोच! (चौथी ओळ अजूनही लांबच आहे, बरं का.)

विकायचंच नाही, असं मी म्हणत नाही. इंग्लंडचा गायक निक ड्रेक १९७४ साली गेला तेव्हा त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. १९९९ मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं आणि लोक त्याच्या रेकॉर्डी शोधत सुटले. उलट अमेरिकेचा गायक टॉम वेट्स जाहिरातींना नाहीच म्हणायचा, तर एका चिप्सवाल्या कंपनीनं त्याच्यासारखा आवाज काढणारा गायक आणला. वेट्स कोर्टात गेला आणि १९९२ मध्ये अपिलातही जिंकला. आपण नाही म्हटलं आणि त्यांनी असलंच काही केलं, तर आपल्याला कोर्टकचेरी झेपेल का? आणि हो म्हटलं, तर पाऊस आला की लोकांना आपलं गाणं आठवेल की त्यांचा डबा? मला तेच सलतंय. बुवा असते तर एका वाक्यात निकाल लावला असता.

नव्या घरात स्थिरस्थावर झालात ना? लेकीची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार.

त्यांना शनिवारपर्यंत उत्तर हवंय. त्याआधी फोन कर. ताईला मात्र तूच विचार, तुला ती नाही म्हणत नाही.

तुझाच