गंधार कोणाचा उतरला?

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
14 सप्टेंबर

प्रिय वश्या,

आठ महिने पत्र नाही, तुझे फोन उचलले नाहीत. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे. फोनवर मला आता शब्द लागतच नाहीत, नुसती खरखर लागते. तू बोलतोयस की बँकेवाला कर्ज देतोय, कळत नाही. बाकी बीपी, साखर आपापल्या जागी.

लिहायला बसलो ते गुरुपौर्णिमेमुळे. सुलभाला सांगितलं तर म्हणाली, "एवढं काय त्यात?" म्हणून तुला सांगतो.

गुरुजींच्या माडीवर नेहमीची बैठक. शरयूची नात यमन गायला बसली, मागे तंबोऱ्यावर मी. पोरगी तयार आहे. आलापीत ती गंधारावर थांबली आणि मला तो उतरलेला ऐकू आला. अगदी स्पष्ट, शंकाच नाही. मी हळूच म्हटलं, "बेटा, गंधार वर घे." तिनं वळून पाहिलं, घेतला. पुढच्या आवर्तनात पुन्हा मी, "अजून." तिसऱ्यांदा कुठे तो मला बरोबर वाटला आणि मी मान डोलावली. माडीवर चिडीचूप. मला वाटलं, काय रंगलंय! उतरताना जिन्यात मुन्नानं दंड धरला आणि कानात ओरडून सांगितलं, "दादा, लड़की शुरू से सही थी।"

पोरीनं माझा मान राखायला बेसूर गायलं, वश्या. भर माडीवर. गुरुजींच्या फोटोसमोर. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, तर तिनंच माझ्या पाया पडून मला आणखी मारलं.

कानाचे डॉक्टर म्हणतात, असं होतं. आतल्या नसेकडचं ऐकणं दोन्ही कानांत कमीजास्त गेलं की एकच स्वर दोन कानांना दोन उंचीवर लागू शकतो. कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी असते. तिच्या तोंडाशी तारसप्तक, आत टोकाशी खर्ज, आणि मध्ये केसांसारखे तंतू असलेल्या पेशी ओळीनं बसलेल्या. मेंदूकडे आवाज धाडणाऱ्या मुख्य पेशी एका कानात जेमतेम साडेतीन हजार. मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. कोंबडीत येतात म्हणे. जन्माला यायचं तर कोंबडी होऊन यावं. आपण तानसेनच्या थडग्याशी चिंचेचा पाला चावून गळा सुधारायला निघालो होतो, आठवतं? कानासाठी कुठलं झाड आहे ते कोणी सांगितलं नाही.

कानामागचं मशीन उजव्या कानाला आता पुरत नाही, म्हणून दिल्लीच्या डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट सुचवलंय. त्या शंखात इलेक्ट्रोडची बारीक पट्टी सरकवतात, पेशींना वगळून थेट नसेला विजेचे ठोके देतात. बाहेरचा भाग लोहचुंबकानं डोक्याला चिकटतो. सुलभा म्हणते, रात्री तुम्हाला फ्रिजला चिकटवून ठेवीन. खर्च काही लाखांत. सरकारी मदत मुख्यतः लहान मुलांना, आणि ते बरोबरच आहे. बहिऱ्या जन्मलेल्या पोराच्या कानात लवकर आवाज गेला तर भाषा येते. आपली यायची तेवढी आलीय.

आता गंमत ऐक. एका कंपनीच्या पट्टीवर इलेक्ट्रोड बारा, दुसरीच्या पट्टीवर बावीस. म्हणजे एक पेटी, सप्तकात बारा सुरांची, आणि एक आपल्या श्रुती, सप्तकात बावीस! मी डॉक्टरांना म्हटलं, बावीसवालीच बसवा, आम्ही पेटीवाले नव्हेत. ते हसले नाहीत. म्हणाले, वीज आतल्या पाण्यात पसरते, शेजारशेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांत मिसळतात, बावीसांतून आठ-दहाच वाटा वेगळ्या उरतात. बोलणं कळायला तेवढ्या पुरतात. गाण्याला नाही.

बावीसवाली ज्याच्या कामातून आली तो ग्रॅम क्लार्क, ऑस्ट्रेलियाचा. बाप बहिरा, औषधांचं दुकान चालवायचा. पट्टी शंखात खोलवर जाईना म्हणून हा अडला होता. 1977 मध्ये समुद्रकाठी बसून त्यानं एका शंखात गवताची काडी सरकवून पाहिली. टोकाला लवचीक, बुडाशी ताठ, अशी काडी वळत वळत आत गेली. पुढच्याच वर्षी मेलबर्नला पहिल्या रुग्णाला बसवली. हे वाचून मला दोन दिवस बरं वाटलं. मग भाच्यानं 2014 चा एक शोधनिबंध पाठवला.

त्यात इम्प्लांट बसवलेले दोन वादक घेतले होते. दोन स्वर एकदम वाजले तर अर्ध्या हर्ट्झच्या आत जुळवून दाखवले. एकाचा दुसरा कान धडधाकट होता, तर त्या कानापेक्षा यंत्रानं जास्त नेमकं! पण तेच दोन स्वर एकामागून एक वाजवले की चूक तीस हर्ट्झच्या आसपास. माझी पट्टी 'काळी एक', तिचा सा 139 हर्ट्झ धर. त्यात तीस मिळव. सा सोडून कोमल गंधाराच्याही वर गेलास.

कारण तुला सांगायला नको. ते स्वर ओळखतच नव्हते, हेलकावे मोजत होते, दोन स्वरांत जरासा फरक असला की आवाज कमीजास्त होत राहतो ते. जोडीच्या तारा लावताना आपण काय करतो? आधी वॉव् वॉव् असे घाईचे हेलकावे, खुंटी पिळली की लांबतात, मग मणी केसभर सरकवला की थांबतात. परवा दार लावून दोन्ही मशीनं काढली, भोपळ्याला गाल टेकला आणि नुसत्या हाडाला लागणाऱ्या थरथरीवर जोड लावली. तासभर लागला. वर गेल्यावर मुन्नाला विचारलं, तो म्हणाला, "एकदम मिली है।"

म्हणजे ऑपरेशननंतर मी तंबोरा लावीन, कदाचित आतापेक्षा चांगला. आणि त्या तंबोऱ्यावर कोण काय गातंय ते मला कळणार नाही. 1984 च्या स्पर्धेनंतर महाराज बाड्याच्या चौकात सगळ्यांसमोर तू काय म्हणालास? "बाळ्यानं तंबोरा लावावा, गायला दुसऱ्या कोणी बसावं." दोन महिने बोललो नव्हतो तुझ्याशी. कचोरीचे पैसेही मीच दिले होते. आता तेच विज्ञानानं सिद्ध केलं, घे! पण माझा पंचम तेव्हा उतरला नव्हता. तुझा चढला होता. हे मी मरेपर्यंत म्हणणार.

ऑपरेशन करायचं की नाही? केलं तर त्या कानातलं उरलंसुरलं जाऊ शकतं. तीन-चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, सुरुवातीला माणसं यंत्रासारखी बोलतात, मग मेंदू शिकतो. नाही केलं तर नातीचं बोलणं आत्ताच निम्मं जातंय. चार वर्षांची आहे, तीनदा सांगते, चौथ्यांदा "जाऊ दे आबा" म्हणते. ते "जाऊ दे" मात्र नीट ऐकू येतं.

तारीख जानेवारीची घेतलीय. मोडता येते.

तुझा गुडघा कसा आहे? नातवाचा फोटो पाहिला, नाक तुझं, बिचारा. वहिनींचं नोकरीचं उरकलं का? नमस्कार सांग.

डिसेंबरात तानसेन समारोहाला ये. झेलमचं तिकीट आत्ताच काढ, नंतर मिळत नाही. समारोहाला नाही गेलो तरी चालेल, घरीच बसू. डावा कान अजून आहे. यमन नको. दुसरं काहीही गा, तंबोरा मी लावतो.

तुझा,
बाळ्या

ता. क. येताना फोन करू नकोस, मेसेज कर.