त्या ‘पूर्वाश्रमीच्या’ नव्हत्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निधनवार्तांच्या स्तंभात रोज एखादी तरी पणजी असते. ‘वार्धक्याने निधन झाले. त्या धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, मुलगी, सुना, जावई, नातवंडे, पतवंडे असा परिवार आहे.’ नाव झाकले तर ही बाई कोण, हे तिच्या सख्ख्या बहिणीलाही सांगता यायचे नाही. पुरुषाच्या बातमीत निदान तो कोणत्या खात्यातून निवृत्त झाला एवढे तरी असते. अशा मजकुराची मुद्रिते (प्रुफे) वर्षानुवर्षे तपासली, की त्याच त्या चुका पाठ होतात. त्यातल्या बऱ्याच घरच्यांना सहज टाळता येतील.

सुरुवात नावापासून. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, की माहेरची ‘कुसुम’ सासरी ‘सुमती’ होते. बातमीत फक्त सासरचे नाव आले तर माहेरच्या गावी ती कुणाला कळतच नाही. म्हणून सासरचे पूर्ण नाव, पुढे कंसात माहेरचे नाव, आडनाव आणि गाव, एवढे हवेच. ते देताना ‘पूर्वाश्रमीच्या’ लिहू नये. पूर्वाश्रम संन्याशाचा असतो. हिने साठ वर्षे संसार केला! ‘माहेरच्या’ हा शब्द असताना दुसरा कशाला? तसेच पती हयात असताना वर ‘श्रीमती’ आणि खाली ‘पश्चात पती’ असे आले, की वाचणारा गोंधळतो, कारण आपल्याकडे अजूनही ‘श्रीमती’ म्हटले की विधवा असाच अर्थ घेतात. ‘सौ.’, ‘गं. भा.’ सगळे गाळून नुसते नाव छापले तरी काही अडत नाही.

वयाचा घोळ जुना आहे. त्या पिढीतल्या कितीतरी जणांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असते. नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. खरे वय घरातल्या आठवणींतून काढावे लागते. ‘पानशेतच्या पुरात थोरला रांगत होता’ असे ती सांगत असेल तर तो पूर १२ जुलै १९६१चा, म्हणजे थोरला १९६०च्या शेवटी झालेला. लग्न त्याआधी दोन वर्षे आणि लग्नात ती सोळाची, असे असेल तर जन्म १९४२च्या आसपास. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) आणि १९७२चा दुष्काळ या खुणाही अशाच उपयोगी पडतात.

रात्री दीडला मृत्यू झाला तर घरचे ‘सोमवारी रात्री’ म्हणतात, रुग्णालयाच्या कागदावर मात्र मंगळवारची तारीख असते. बातमीत ‘मंगळवारी पहाटे’ लिहावे. दहावा मोजताना मृत्यूचा दिवस पहिला धरतात. ५ तारखेला गेल्या तर दहावा १४ला, तेरावा १७ला. ‘पाच आणि दहा पंधरा’ असा हिशेब करून छापलेल्या बातमीमुळे माणसे घाटावर दुसऱ्या दिवशी पोचतात.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. तिथे नाव आधारकार्डावर आहे अक्षरन्‌अक्षर तसेच द्यावे. लाडाचे नाव बातमीत शोभते, दाखल्यात नाही. बँकेत आणि सातबाऱ्यावर वारस लावताना एका वेलांटीवरून फेऱ्या पडतात.

फोटो आधारकार्डावरून काढलेला कधीही देऊ नये, छापल्यावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरतो. जुन्या छापील अंकातला फोटो पुन्हा स्कॅन केला तर त्यावर जाळी उमटते. मूळ प्रत ३०० डीपीआयला स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते.

आता ते ‘मनमिळाऊ’. गेलेले सगळेच मनमिळाऊ असतात. त्याऐवजी तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही असे एकच वाक्य हवे. ‘माहेर वाई. घरच्या शिलाई मशीनवर त्यांनी गल्लीतल्या तीन पिढ्यांचे गणवेश शिवले.’ झाले! शब्द तेवढेच, जागा तेवढीच. ‘सुगरण होत्या’ लिहिण्यापेक्षा ‘दर उन्हाळ्यात पायलीभर गव्हाच्या कुरडया करीत’ हे खरे.

असे वाक्य मिळते कुठे? मजकूर बहुधा नातू मोबाइलवर लिहितो, मुलगे मान डोलावतात. थोरल्या सुनेला कुणी विचारत नाही. चाळीस वर्षे त्या स्वयंपाकघरात सासूच्या शेजारी उभी राहिलेली तीच. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे (नाहीतर चीक आंबूस होतो), वाटून गाळलेला चीक रात्रभर ठेवून वरचे पाणी ओतून द्यायचे, जेवढा चीक तेवढेच पाणी आधणाला. हे तिला पाठ असते. पण ‘तेवढेच’ म्हणजे सासूबाईंच्या कोणत्या भांड्याने, हेही तिलाच ठाऊक. ते भांडे भंगारात जाण्याआधी त्यात किती पाणी मावते ते मोजून लिहून ठेवावे. पतीला लग्नाचे साल विचारावे, माहेरच्या बहिणीला पाळण्यातले नाव. तेराव्यापर्यंत ही सगळी माणसे एकाच घरात असतात, पुन्हा एकत्र सापडत नाहीत. जुन्या फोटोंत कोण कोण आहे ते तेव्हाच फोटोंच्या मागे लिहून घ्यावे, मऊ पेन्सिलने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला, चेहऱ्यावर उमटतो.

आपल्याकडे विनंती एवढीच, की निधनवार्तेच्या छापील अर्जात ‘नोकरी/व्यवसाय’ या रकान्याखाली ‘माहेर’ आणि ‘हातचे काम’ असे आणखी दोन रकाने घालावेत.

– एक निवृत्त मुद्रितशोधक, पुणे