परमिटवर सही कोणाची?

मा. संपादक,

रासायनिक कारखान्यांतील अपघातांवरचा कालचा लेख वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल आभार. पण बहुतेक अपघात कामगारांच्या चुकीने होतात हे वाक्य वाचल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही.

मी बत्तीस वर्षे प्लान्टमध्ये काढली. 1993 च्या मे महिन्यात पाणी साठवायला पिंप हवे म्हणून टोल्युइन या चटकन पेट घेणाऱ्या द्रावकाचा रिकामा ड्रम गॅस कटरने कापायला कंत्राटदाराचा हेल्पर बसवला. पोरगा एकोणीस वर्षांचा. ड्रम रिकामा, म्हणजे धोका नाही, असेच त्याला वाटणार! भरलेल्यापेक्षा रिकामा ड्रम वाईट, कारण आत वाफ आणि हवा मिसळलेली असते. टोल्युइनची वाफ हवेत सव्वा टक्क्याच्या आसपास गेली की ठिणगी पुरते. शिवाय ती हवेपेक्षा तिप्पट जड, तळाशी बसून राहते. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. हॉट वर्कचे, म्हणजे ठिणगी किंवा ज्वाळा निघणाऱ्या कामाचे, परमिट मात्र होते, आणि 'गॅस टेस्ट केली' या रकान्यात बरोबरची खूणही होती. गॅस मीटर त्या दिवशी कपाटात कुलूपबंद होता. किल्ली माझ्याकडे होती, म्हणून खात्रीने सांगतो. ड्रमचे झाकण उडून त्याच्या छातीवर बसले. दवाखान्यात पोहोचण्याआधीच तो गेला. अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले गेले. त्या कागदावर माझीही सही आहे.

भोपाळमध्येही कंपनीने एका नाराज कामगाराकडे बोट दाखवले होते. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची नळी सोडवून ठेवलेली होती. हे निर्णय कामगाराचे होते का? त्यानंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात कलम 41-एच आले. समोर धोका दिसत असेल तर तो वरिष्ठांना कळवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. माझ्या नोकरीत एकाही कंत्राटी कामगाराने तो वापरलेला मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर पास मिळाला नसता.

म्हणून विनंती, अपघाताची बातमी देताना परमिटवर सही कोणत्या हुद्द्याच्या माणसाची होती आणि गॅस टेस्ट खरोखर झाली होती का, हेही विचारा.

आणखी एक. तुमच्या बातम्यांत प्रत्येक स्फोट बॉयलरचाच असतो. बॉयलरमध्ये वाफ तयार होते, रिअ‍ॅक्टरमध्ये रसायनांची प्रक्रिया होते. बॉयलर बाष्पके संचालनालय तपासते, कारखान्याची सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. चुकीचा शब्द छापला की लोक चुकीच्या कचेरीला जाब विचारतात.

पत्र लांबले असेल तर हवे तेवढे कापा. ड्रमचा मजकूर मात्र ठेवा. भंगाराच्या दुकानांत आजही असे ड्रम कटरने कापले जातात.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, डोंबिवली (पूर्व)